पंगतीला बसलेली टाकी



पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळून पाहण्याचा पहिला सरकारी प्रयोग २००१ साली देशात तीन ठिकाणी झाला. एक उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, आणि दोन आपल्याकडे, मनमाडला आणि मिरजेला. पंधरा वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलात, मिरजेचे नाव पुन्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी लातूरला निघाले होते. आधी दहा वाघिणींची गाडी, मग पन्नास वाघिणींची. पन्नास वाघिणींची एक खेप म्हणजे साधारण पंचवीस लाख लिटर पाणी. आता नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉलविषयक आराखडा उघडा. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला २,८६० लिटर पाणी लागते, असे त्यात नोंदवले आहे. भागाकार सोपा आहे. लातूरला गेलेल्या त्या लांबलचक गाडीतल्या पाण्यावर उसाचे पावणेनऊशे लिटर इथेनॉल होते, म्हणजे नुसत्या इथेनॉलने भरल्या तर पंचवीसेक मोटारींच्या टाक्या. हा हिशेब ढोबळ आहे, आणि मळीपासून केलेल्या इथेनॉलला तो जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. तरीही आजच्या विषयाचा आवाका ध्यानात यायला मला यापेक्षा बरे उदाहरण सापडले नाही.

विषय असा की शेतात पिकलेले माणसाच्या पोटात जावे की वाहनाच्या टाकीत. ‘अन्न की इंधन’ असा वाद घातला की माणसे लगेच दोन बाजूंना उभी राहतात. एक बाजू म्हणते की अन्न जाळणे हे पाप. दुसरी म्हणते की शेतकऱ्याला चार पैसे मिळाले तर तुमचे काय दुखते. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे वाटते. पीक जाळण्यात मुळातच पाप असते तर बैलाला घातलेला कडबा आणि घाण्यातून काढून दिव्यात जाळलेले तेल यांचाही जाब द्यावा लागला असता. जमिनीने माणसाला इंधन नेहमीच दिले आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. पंगतीत कोण बसले आहे यापेक्षा वाढप कोणापासून सुरू होते आणि भात संपत आला की कोणाला थांबायला सांगितले जाते, यात नीतीचा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत आपण पंगतीत एक नवा पाहुणा बसवला. त्याची भूक सरकारी आदेशाने ठरलेली आहे, ती दुष्काळात कमी होत नाही, आणि त्याचे पान पहिल्यांदा वाढायचे असा दंडक आपण घालून घेतला आहे. माझा आक्षेप या दंडकावर आहे.

हे इथपर्यंत कसे आले ते पाहण्यासाठी क्षणभर साखर कारखान्यात जावे लागेल. उसाचा रस गाळून, उकळून त्याचा पाक होतो, पाकात दाणे धरतात, आणि यंत्रात गरगर फिरवून दाणे वेगळे केले की खाली काळसर, चिकट मळी उरते. त्या मळीत अजून साखर असते, म्हणून ती पुन्हा उकळतात, पुन्हा दाणे काढतात. तीनदा असे केल्यावर जी उरते ती सी-हेवी मळी. तिच्यातून साखर काढणे परवडत नाही. पूर्वी ही मळी म्हणजे कारखान्याची डोकेदुखी होती. साठवायला टाक्या नसत, आणि ओढ्यात सोडली की मासे मरत. तिच्यापासून अल्कोहोल करणे हे शहाणपणाचे काम होते आणि आजही आहे. २००३ च्या जानेवारीत नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले ते या मळीच्या भरवशावर. इथपर्यंत कोणाच्या तोंडचा घास काढलेला नव्हता, टाकी उष्ट्यावर जगत होती.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने दार रुंद केले. दोनदाच साखर काढलेली बी-हेवी मळी चालेल, थेट उसाचा रस चालेल, खराब झालेले धान्य चालेल, आणि ज्या वर्षी धान्य गरजेपेक्षा जास्त पिकेल असा कृषी खात्याचा अंदाज असेल त्या वर्षी चांगले धान्यही चालेल. या शेवटच्या अटीकडे लक्ष द्या, तिच्याकडे मी परत येणार आहे. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के मिश्रणाचा टप्पा मुदतीच्या पाच महिने आधी गाठला गेला आणि त्याच महिन्यात धोरण दुरुस्त करून वीस टक्क्यांची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर आणली गेली. २०२५ मध्ये वीस टक्केही झाले. सरकारी कार्यक्रम वेळेआधी पुरा होण्याचे असे उदाहरण आपल्याकडे दुर्मीळच. पण दहाचे वीस व्हायला मळी दुप्पट झाली नाही. मळी साखरेमागून येते आणि साखर खाणाऱ्यांच्या मागून. वाढलेले बहुतेक इथेनॉल रसातून, दाण्यातून आले. उष्ट्यावर जगणाऱ्याला आपण पाटावर बसवले ते या तीन-चार वर्षांत.

या चढणीच्या मध्यावरच परीक्षा आली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात ऊस वाळू लागला. ७ डिसेंबरला केंद्राने आदेश काढला की उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायचे नाही. गाळप सुरू झालेले, इथेनॉलच्या आसवनीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले, आणि अचानक तोटी बंद. आठवडाभरात थोडी माघार घेऊन सतरा लाख टन साखरेइतके वळवायची मुभा दिली गेली. कारखानदार चिडले आणि त्यांचे चिडणे मला समजते. पण सरकारचा निर्णय तत्त्व म्हणून बरोबर होता. वर्ष वाईट आहे, साखर आधी माणसांना, असाच त्याचा अर्थ होता. दुर्दैव असे की रस थांबला तरी मिश्रणाचे लक्ष्य थांबले नाही. ते तसेच ठेवले आणि उसाच्या जागी मका आणून बसवला. त्या हंगामात मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला, इतर कोणत्याही कच्च्या मालापेक्षा जास्त. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल मिळते. इथेनॉलसाठी पूर्वी जवळपास न वापरला जाणारा मका दोन हंगामांत या कार्यक्रमाचा सर्वांत मोठा कच्चा माल होऊन बसला. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आणू लागला. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक वाटा मक्याचा असतो, आणि अंडी हे गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त प्राणिज प्रथिन. कुक्कुटपालकांनी बिनशुल्क आयात मागितली ती हौसेने नव्हे.

आता घरगुती मापाने पाहू. पस्तीस लिटरची टाकी आहे, तीत वीस टक्के म्हणजे सात लिटर इथेनॉल. ते मक्याचे असेल तर साडेअठरा किलो मका, तांदळाचे असेल तर पंधरा-सोळा किलो तांदूळ. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. म्हणजे एक टाकी भरली की तीन माणसांचे महिन्याचे रेशन. 

आणि तांदूळ काही कल्पनेतला नाही. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतला बावन्न लाख टन तांदूळ आसवन्यांसाठी मोकळा केला गेला, किलोला साडेबावीस रुपये दराने. हाच तांदूळ खरेदी, वाहतूक, साठवण धरून सरकारला चाळीस रुपयांच्या आसपास पडतो. बावन्न लाख टनांना वर्षाच्या साठ किलोंनी भागा, सुमारे साडेआठ कोटी माणसांचे वर्षभराचे रेशन होते. इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. हा तांदूळ कुणाच्या ताटातून काढलेला नाही, गोदामे राखीव साठ्याच्या निकषापेक्षा कितीतरी जास्त भरली होती, नवा तांदूळ ठेवायला जागा नव्हती, सडण्यापेक्षा इथेनॉल बरे, असे म्हणतात. सडण्यापेक्षा बरे हे मलाही मान्य. पण ‘जास्तीचे’ हा शब्द जरा उलटून पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि महाराष्ट्राचा आकडाही जवळपास तेवढाच, ३५.२. ज्या देशात दर तिसरे मूल खुजे आहे तिथे धान्य जास्त झाले याचा अर्थ एवढाच की ते घ्यायला ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची भूक भागली आहे. खुजेपणाला नुसता तांदूळ पुरणार नाही, डाळ, अंडे, दूध, स्वच्छ पाणी लागेल, हे खरे. मग साडेसतरा रुपयांचा जो तोटा आपण किलोमागे सोसतो तो त्या अंड्यासाठी का सोसता येत नाही? २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने राज्यांना खुल्या बाजार योजनेतून तांदूळ विकणे थांबवले. त्या वेळी कर्नाटक सरकार आपल्या अन्नभाग्य योजनेसाठी पैसे मोजून तांदूळ मागत होते. साठा जपायला हवा असे कारण दिले गेले. साठा जपण्याची ही काटकसर आपण वाढताना कोणाच्या पानाशी आठवतो, ते पाहण्यासारखे आहे.

यापेक्षा खोल आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. भूक नुसत्या धान्याच्या टंचाईने होत नाही, ती धान्य मिळवण्याच्या ऐपतीअभावी होते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवले. मग एवढा मका टाकीत गेला म्हणून भूक वाढली असे कसे म्हणता? पण सेन यांचे विवेचन नीट वाचले तर ते या आक्षेपाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहते. १९४३ च्या बंगालमध्ये तांदळाची उपलब्धता १९४१ पेक्षा कमी नव्हती, तरी लाखो माणसे मेली. कारण युद्धाच्या खर्चाने कलकत्त्याच्या हातात पैसा खेळू लागला होता, शहरातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य बांधून दिले होते, आणि उरलेल्या बाजारात भाव असा चढला की शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मजुरी त्याला पुरेना. धान्य होते, पण जास्त ऐपतीचे आणि सरकारी आशीर्वादाचे गिऱ्हाईक बाजारात उतरले होते. आज पेट्रोल पंपावरची रांग हे तसेच गिऱ्हाईक आहे. तिच्यातल्या कोणाच्याही मनात वाईट नाही, मका आपण विकत घेतो हे त्यांच्या गावीही नाही. पण तेल कंपन्यांमार्फत त्यांची ऐपत मक्याच्या बाजारात उतरते आणि आदेशाचे बळ तिच्या पाठीशी असते. १९४३ ची पुनरावृत्ती होईल असे मी मुळीच म्हणत नाही. रेशन व्यवस्था आणि बोलणारी लोकशाही असताना ती होणार नाही. पण यंत्रणा त्याच जातीची आहे.

अमेरिकेने हे आपल्याआधी करून पाहिले. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर सुकडी आणि रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे. तेव्हा अमेरिकेचे जास्तीचे धान्य जगाची उसनवारी भागवत असे, अर्थात त्याची राजकीय किंमत घेऊन. २००५ मध्ये, आणि २००७ मध्ये आणखी कडकपणे, त्या देशाने कायद्याने ठरवले की दर वर्षी इतके गॅलन जैवइंधन पेट्रोलमध्ये गेलेच पाहिजे. आज तिथल्या मक्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक इथेनॉलला जातो. २००७ च्या सुरुवातीला मेक्सिकोत टोर्टियाच्या भावावरून लोक रस्त्यावर आले. टोर्टिया पांढऱ्या मक्याची आणि इथेनॉल पिवळ्याचे, दोहोंचा संबंध काय, असे तेव्हाही विचारले गेले. संबंध भावातून आणि जमिनीतून येतो. पिवळा महागला की जनावरांना पांढरा घालतात, पांढऱ्याच्या शेतात पिवळा पेरतात. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक प्रतिनिधी जाँ झिग्लर यांनी पिकांचे इंधन करणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले आणि पाच वर्षांची स्थगिती मागितली. मला ते विशेषण अतिरेकी वाटते. २००७-०८ ची महागाई खनिज तेल, ऑस्ट्रेलियातला दुष्काळ, देशोदेशींच्या निर्यातबंद्या अशा अनेक कारणांची होती, आणि जैवइंधनाचा नेमका वाटा किती यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. पण एका गोष्टीवर वाद घालणे कठीण आहे. पुरवठा कमी झाला आणि एका गिऱ्हाइकाची मागणी कायद्याने गोठवलेली असली, तर कमी झालेले सगळेच्या सगळे इतर गिऱ्हाइकांना सोसावे लागते.

ब्राझीलने हे ओळखले. तेलाच्या पहिल्या धक्क्यानंतर १९७५ पासून तो देश मोठ्या प्रमाणावर उसाचे इथेनॉल करतो आहे, आपल्यापेक्षा अधिक जमीन, अधिक पाऊस आणि कमी माणसे असताना. तरीही २०११ मध्ये ऊस कमी पिकला तेव्हा ब्राझीलच्या सरकारने मिश्रणाचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवरून वीसवर उतरवले आणि पीक सुधारल्यावर २०१३ मध्ये पुन्हा पंचवीसवर नेले. २००३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारी पेट्रोल आणि इथेनॉलच्या कोणत्याही मिश्रणावर चालतात, त्यामुळे पंपावर दर पाहून माणूस ठरवतो. ब्राझीलच्या ऊसशेतीत, तिथल्या मजुरांच्या हालांत दाखवण्यासारखे दोष पुष्कळ आहेत. पण टाकीला ‘आज थोडे कमी घे’ म्हणण्याची सोय त्यांनी ठेवली. आपण प्रमाण चढवण्याची तारीख अलीकडे आणली, उतरवण्याची तरतूद केलीच नाही. गाड्याही वीस टक्के गृहीत धरूनच बनवत आहोत.

महाराष्ट्रात या विषयावर बोलायचे तर सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. शेतकरी नेते शरद जोशी यांनी आयुष्यभर सांगितले की शहरी ग्राहकाला स्वस्त खाऊ घालण्यासाठी सरकार शेतमालाचे भाव पाडते, आणि अन्नाच्या नावाने शेतकऱ्याच्या गळ्याला फास लावते. आता कुठे त्याच्या मालाला अन्नाखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळाले, उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, म्हणजे एफआरपी, वेळेवर मिळू लागला, तर पुन्हा भुकेल्याचे चित्र दाखवून त्यालाच त्याग करायला लावायचा का? हा प्रश्न टाळून मला पुढे जाता येणार नाही. भुकेल्याचे पोट भरण्याची जबाबदारी सरकारची आणि साऱ्या समाजाची आहे, एकट्या शेतकऱ्याची नाही, हे जोशींचे म्हणणे मला मान्य आहे. पण इथेनॉलचा बाजार हा जोशींना हवा होता तो खुला बाजार आहे का? दर दिल्लीत ठरतो. घेणाऱ्या मुख्यतः तीन सरकारी तेल कंपन्या. ७ डिसेंबर २०२३ च्या आदेशासारखा एक कागद निघाला की गिऱ्हाईक रात्रीत नाहीसे. आणि मक्याला भाव आला म्हणून शेतकरी मक्याकडे वळला, तोच बावन्न लाख टन स्वस्त तांदूळ त्याच आसवन्यांच्या दारात आणून ओतला गेला. २०२५ च्या खरिपात हमीभाव २,४०० रुपये असताना अनेक बाजारांत मका त्याच्या कितीतरी खाली गेला, आणि कर्नाटकात शेतकरी रस्त्यावर उतरले. हातात आल्यासारखा वाटणारा हा बाजार शेतकऱ्याच्या हातात नाही.

त्यातही सोयाबीनवाल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. मक्याचे वा तांदळाचे इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो वाळवून जनावरांचे, कोंबड्यांचे खाद्य म्हणून विकतात. व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिने भरपूर आणि भाव सोयापेंडीपेक्षा बराच कमी. आसवन्या वाढल्या तसा हा माल बाजारात वाढला आणि खाद्य कारखान्यांनी सोयापेंड कमी केली. सोयाबीनची किंमत तेलापेक्षा पेंडीवर अधिक उभी असते, कारण दाण्यात तेल जेमतेम अठरा टक्के. पेंड पडली की दाणा पडतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला बाजार समितीत चार हजारांच्या आगेमागे माल द्यावा लागला. याला जागतिक बाजारासह आणखीही कारणे होती, पण या चोथ्याचा हात त्यात होता. म्हणजे एका शेतकऱ्याला दिलेला भाव काही अंशी दुसऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून आला. आणि हा देश आपल्या खाद्यतेलाच्या गरजेतले निम्म्याहून अधिक तेल आयात करतो! खनिज तेलाची आयात कमी करायला मका पेरायचा, त्यापायी सोयाबीन तोट्यात घालायचे आणि मग खायचे तेल इंडोनेशिया-मलेशियाहून आणायचे, या हिशेबाला नेमके काय म्हणावे ते मला कळत नाही.

परकीय चलनाचा मुद्दा इथेच निकालात निघत नाही, हे कबूल करतो. आपण कच्चे तेल ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो आणि इथेनॉलने एक लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचवल्याचे सरकार सांगते. तेवढे वाचले असेल. पण तुलना कशाशी करायची? एका एकरात चौदा क्विंटल मका धरा, सरासरी तेवढीच आहे. त्याचे सव्वापाचशे-साडेपाचशे लिटर इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे साडेतीनशे लिटर पेट्रोलची बरोबरी, म्हणजे मोटारीचे पाच-साडेपाच हजार किलोमीटर. एका मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला सुमारे पंधरा लाख युनिट वीज मिळते. एकरी तीन लाख युनिट झाली. विजेची मोटार युनिटला सहा किलोमीटर धावते असे धरले तरी अठरा लाख किलोमीटर. फरक शेकडो पटींचा आहे, आणि सौर पट्ट्या माळरानावर, मुरमाड जमिनीवरही चालतात. उद्या सगळ्या गाड्या विजेच्या होणार नाहीत, बॅटरीचे स्वतःचे प्रश्न आहेत. पण सुपीक, ओलिताची जमीन पुढची पन्नास वर्षे इंधनासाठी बांधून ठेवण्याची सबब मात्र उरत नाही.

एक आक्षेप नेहमी हसत हसत घेतला जातो. कापूस खातात का? तंबाखू? द्राक्षाची वाइन? त्यांना कोणी नीती शिकवत नाही. खरे आहे, आणि महाराष्ट्राने यावर वादही घातला आहे. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्य करायला प्रोत्साहन देणारे धोरण आणले, आणि पुढे ज्वारीची दारू या दोन शब्दांनी राज्य ढवळून निघाले होते. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी सामाजिक कामातली माणसे विरोधात उभी राहिली. त्या वेळी दारूचा नैतिक वास धान्याला आला म्हणून सर्वांना तो जाणवला. इंधनाला तो वास नाही, म्हणून प्रमाण शेकडो कोटी लिटरांत गेले तरी गलका नाही. पण माझे उत्तर वासाचे नाही. कापसाला किंवा वाइनला कोणत्याही कायद्याने ‘दर वर्षी इतके झालेच पाहिजे’ असे संरक्षण नाही, आणि माणूस अंगावर किती कापड घालणार याला मर्यादा आहे. टाकीच्या भुकेला देशाच्या एकूण पेट्रोलाइतकी मर्यादा, म्हणजे शेतीच्या मापाने मर्यादा नाहीच.

मग काय करावे? मी इथेनॉल बंद करा म्हणत नाही. सी-हेवी मळीचे इथेनॉल करा, शेवटच्या थेंबापर्यंत करा. पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला. तसे प्रकल्प महाग आहेत, अडखळत चालतात, पण सरकारी पैसा कुठे ओतायचाच असेल तर तिथे ओता. आज दरपत्रक उलटे आहे. ज्या मळीपासून कोणाचा घास जात नाही तिच्या इथेनॉलला २०२४-२५ मध्ये ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१, आणि मक्याला सर्वांत वर ७१.८६. उत्पादनखर्च तसे आहेत, असे याचे समर्थन होते. पण दर हा नुसता खर्चाचा परतावा नसतो, कारखान्याला दाखवलेली ती वाटही असते, आणि ही वाट उष्ट्याकडून घासाकडे जाते. दुसरे, २०१८ च्या धोरणातली जी अट मी लक्षात ठेवा म्हणालो ती धान्यापुरती न ठेवता मिश्रणाच्या टक्केवारीलाच लावावी. दर वर्षी पाऊस, साठा आणि भाव पाहून टक्केवारी जाहीर करावी, आणि वाईट वर्षी ती आपोआप उतरावी. तिसरे पाण्याचे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको असे सांगितले होते. त्या शिफारशीवर धूळ बसली असताना त्याच खोऱ्यांत नव्या आसवन्यांना व्याजसवलत मिळत गेली. जिथे माणसांसाठी रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या खोऱ्यातल्या रसाच्या इथेनॉलला एक पैसाही सरकारी मदत मिळू नये, एवढे तरी आपण म्हणू शकतो.

हे दिल्लीने करायचे आहे आणि दिल्ली ऐकेल तेव्हा ऐकेल. पण या सभागृहात सहकारी साखर कारखान्यांचे सभासद बसले असतील, नसतील तर त्यांची मुले-मुली नक्की आहेत. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, अहवालाची पुस्तिका घरी येते आणि बहुधा तशीच पडून राहते. या वर्षी ती उघडा. आसवनीचे पान काढा आणि सभेत उभे राहून अध्यक्षांना तीन गोष्टी विचारा. आपण किती लिटर इथेनॉल मळीचे केले आणि किती रसाचे. त्या उसाला पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या महिन्यात मिळाले. आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही, तर आधी काय बंद करायचे ठरले आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.